बांधावरची राखण

खाडीवरच्या एका कोल्हीला माणसाच्या हातचं खायची सवय मी लावली. ही माझी पहिली चूक. दुसरी तिच्याहून वाईट आहे. त्या सवयीचं फळ समोर आलं, एक बाई जखमी झाली, चौकशी झाली, तेव्हा मी एक वाक्य बोललो आणि सगळा दोष त्याच बाईवर गेला. त्या दिवशी मला कोणी धमकावलं नव्हतं. प्रश्न सगळ्यांना मिळून विचारला होता. मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी बोललो.

आमची वसाहत मुलुंड पूर्वेला आहे, खाडीच्या अंगाला, अगदी शेवटची. मागे भिंत, भिंतीत एक लहान दरवाजा, त्यापलीकडे बंद पडलेली मिठागरं. मिठागरांमधून मातीचा एक बांध खाडीकडे जातो आणि तिवरांच्या जंगलात शिरतो. त्या जंगलात कोल्हे राहतात. साकीनाक्याला मी ज्या कारखान्यात काम करतो तिथे हे सांगितलं की लोक हसतात. एकजण म्हणाला होता, "मुलुंडला कोल्हे, मग कुर्ल्याला वाघ असणार, तिकीट तपासायला." पण कोल्हे आहेत. चिखलातल्या चिंबोऱ्या, निवट्यांसारखे छोटे मासे, उंदीर, पाण्याबरोबर आलेली मेलेली मासळी, यावर ते जगतात. खाडीत रोहित पक्षी उतरतात म्हणून तो सगळा भाग संरक्षित झाला आणि बांधाच्या तोंडाशी पाटी लागली. शिकार करू नये, झाडं तोडू नयेत, भराव टाकू नये. त्या पाटीमुळे बरंच काही वाचलं हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माणसांपासून वाचलं.

माझे वडील सिंधुदुर्गातले. गिरणी बंद पडल्यावर परळची खोली सोडून आम्ही इथे आलो, तेव्हा मी शाळेत होतो. गावाला आमच्यात राखण देतात. वाडीच्या शिवेवर राखणदार असतो, तो फिरून घरादाराला, गुरांना सांभाळतो, अशी समजूत. त्याला वर्षातून एकदा कोंबडा, भात आणि वडे नेऊन ठेवायचे आणि मागे वळून न बघता परत यायचं. मुलुंडला आल्यावर पहिल्याच वर्षी वडिलांनी शीव शोधून काढली. बांधावर भेंडीचं एक झाड होतं, भाजीची नव्हे, खाडीकाठची मोठी भेंडी, त्याच्या बुंध्याशी त्यांनी पान ठेवलं. आईला ते पटलं नव्हतं. वडील म्हणाले, "आपण शीव सोडली म्हणान राखणदारान आपणाक सोडल्यान काय?"

दुसऱ्या दिवशी पान चाटूनपुसून साफ. वडील खूश झाले. "घेतल्यान," म्हणाले.

"घेतल्यान खरा," आई म्हणाली, "पण तुमच्या राखणदाराक शेपूट आसा. मी बघलंय."

वडिलांनाही ते माहीत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की तो कोणाच्या तोंडाने खातो ते आपण बघायचं नसतं. वर्षातून एक पान. त्यापलीकडे त्यांनी बांधावर कधी शिळी चपातीसुद्धा टाकली नाही. ते गेल्यावर राखण माझ्याकडे आली आणि बरीच वर्षं मीही तेवढंच केलं.

बांध भेंडीच्या जवळ थोडा रुंद होतो. तिथे कोळीवाड्यातली एक मावशी जवळा सुकवायची. तिच्याआधी तिची सासू तिथेच सुकवायची. पाऊस संपला की मावशी जुन्या साड्या आणि फाटकी जाळी घेऊन यायची, आणि पुढच्या पावसापर्यंत ती जागा तिची. कागदावर ती कोणाचीच नव्हती, आणि कोणी तिला कधी विचारलंही नव्हतं. तिचा नवरा होडी घेऊन जायचा, पण खाडीत ओली मासळी कमी होत गेली, तसं त्यांचं घर सुक्यावरच चालायला लागलं. जवळा सुकवायला दिवसभराचं ऊन आणि वारा लागतो. कोळीवाड्यात आता इमारतींची सावली पडते. म्हणजे ती जागा गेली की धंदा गेला, इतकं ते साधं होतं. मावशी आईला मासळी विकायची. मी हाफ पँटीत होतो तेव्हापासून ती मला ओळखते.

माझ्या लहानपणी अमावास्या-पौर्णिमेचं उधाण बांधाच्या पायथ्याशी यायचं आणि थांबायचं. मिठागराचे जुने कामगार म्हणायचे, खाडीला तिची पायरी माहीत आहे. पुढे कधीतरी ते पाणी बांधाच्या अर्ध्यावर येऊ लागलं. मग एका पावसाळ्यात ते बांधावरून इकडे आलं. समुद्र वर चढतोय, पाऊस बदललाय, हे पेपरात येत होतंच. आमच्याकडे ते बांधावर उभं राहून दिसत होतं. पूर्वी चार महिने पडणारा पाऊस आता दोनचार दिवसांत सगळा कोसळतो, आणि नेमकी वर भरती असेल तर ते पाणी जायला वाट नसते. तिवरांना पाण्याची सवय आहे, ती उभी राहतात. कोल्ह्यांची बिळं जुन्या बांधांच्या कुशीत असतात. त्यांना उभं राहता येत नाही.

हे सगळं सुरू झालं त्या वर्षी जुलैतला एक रविवार होता. पाऊस थांबलेला, पण उधाणाचं पाणी भरून राहिलेलं. मी सकाळी बांधावर गेलो. ती कोल्ही भेंडीखाली उभी होती. दिवसाउजेडी कोल्हं असं उघड्यावर मी कधी पाहिलं नव्हतं. भिजून तिचे केस चिकटलेले, फासळ्या दिसत होत्या. पायाशी एक पिल्लू. दुसरं पिल्लू पलीकडे, मिठागराच्या मोडक्या उंचवट्यावर. मधे सगळं पाणी. ते पिल्लू ओरडत होतं आणि ही इकडून बघत होती. दोनदा ती पाण्यात उतरली आणि परत आली, कारण ती उतरली की पायाशी असलेलं पिल्लू तिच्यामागे उतरायचं. मला पोहता येत नाही. आलं असतं तरी मी उतरलो असतो का, सांगता येत नाही. मी फोन काढला, मग कोणाला करायचा ते सुचेना, तो परत ठेवला. काही वेळाने उंचवटा दिसेनासा झाला. पिल्लूही.

कोल्ही ओरडली नाही. ती माझ्याकडे वळली आणि मी तिथून जाण्याची वाट बघू लागली. तो बांध सोडून तिला उभं राहायला दुसरी जागाच नव्हती.

मी घरी आलो आणि फ्रीजमधली कोंबडी काढली. बायको आंघोळीला गेली होती. पांढऱ्या पिशवीत घालून बांधावर नेली, पिशवी उलटी केली आणि मागे झालो. त्या दिवशी मी मागे वळून बघितलं.

हे मी दयेनं केलं, असं अनेक महिने स्वतःला सांगत होतो. दया होतीच. पण दुसऱ्या दिवशी परत जाताना मला जे बरं वाटलं ते दयेचं नव्हतं. कारखान्यात माझ्या हातून आता महत्त्वाचं काही होत नाही. नवीन मशीन आल्या, मी त्यांच्यावर लक्ष ठेवतो, म्हणजे त्या चालतात ते बघतो. मुलगी लग्न होऊन बंगळूरला. घरात माझ्यावाचून कोणाचं अडत नव्हतं. आणि इथे एक रानटी जीव माझी वाट बघायला लागला. आमच्या घराण्याची राखण करणाऱ्याची आता मी राखण करतोय, असं काहीतरी मोठं माझ्या डोक्यात शिरलं. वडिलांचा रिवाज मी पुढे नेतोय असंही मला वाटे. खरं तर मी तो मोडत होतो.

स्टेशनजवळचा कोंबडीवाला मुंड्या, पाय, कातडं टाकून देतो. ते तो माझ्यासाठी बाजूला ठेवायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, दिवाळीनंतर रोज. कारखान्यातून आलो की चहा न घेताच मागच्या दरवाज्याने बाहेर. बायको म्हणाली, "अहो, माझ्या बापाला तुम्ही कधी असं हाताने वाढलं नाहीत." मी हसलो. तीही हसली. तिला ते वेड वाटायचं, पण निरुपद्रवी वेड.

मावशी संध्याकाळी जवळा गोळा करत असायची. तिने एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुजा बापूस वर्साला एक कोंबरा ठेवायचा. तू तं रोज लगीन मांडलंस. नवरी कोन?"

"मावशी, खाडीत त्यांना खायला राहिलं नाही," मी म्हटलं.

"आमाला तरी कुटं ऱ्हायलंय? आमच्यासाटी पन आन ना मंग एक पिशवी."

तिने ते चेष्टेत म्हटलं होतं. मी चेष्टेवारी नेलं.

त्या वर्षी थंडी पडलीच नाही. शिमग्याच्या आधीच उन्हाने माती भेगाळली. मिठागरात पावसाचं गोडं पाणी साठून राहतं, डबकी डबकी, एप्रिलपर्यंत पुरायचं. ती डबकी फेब्रुवारीत आटली. चिखलावर पांढरा थर आला. चिंबोऱ्या इतक्या खोल गेल्या की कोळ्यांच्या पोरांनाही मिळेनात. दुपारी कावळे चोच उघडी टाकून बसायचे. मी भेंडीखाली एक घमेलं पुरलं आणि त्यात रोज पाणी ओतायला लागलो. ते उरलेलं पिल्लू आता पिल्लू नव्हतं, उंच झालं होतं. कोल्ही आणि ते, दोघं माझ्या वेळेआधीच येऊन बसायची. कोल्ही थोडी लांब. पोरगं जवळ. पिशवीचा आवाज झाला की ते उठायचं. एकदा तर ते माझ्या हातातली पिशवीच ओढायला आलं. मी फोटो काढून मुलीला पाठवला. तिने लिहिलं, किती गोड. तू चुकीचं करतोयस असं मला कोणी म्हटलं नाही, कारण जे म्हणाले असते त्यांना मी दाखवलंच नाही.

आता आठवतं ते हे, की त्या उन्हाळ्यात मी त्यांना एकदाही चिखलात उतरताना पाहिलं नाही.

मे महिन्यात, अजून पाऊस यायला वेळ होता तेव्हा, एका दुपारी तो आला. नुसता आला नाही, कोसळला, आणि त्या दिवशी उधाण होतं. साकीनाक्याला रस्त्यात कमरेएवढं पाणी, आम्ही कारखान्यात अडकलो. मला घरी पोचायला उशीर झाला. भिजलेला, दमलेला. बायकोने दार उघडलं आणि सांगितलं, मावशीला कोल्हं चावलं.

झालं ते असं. बांधावर सगळीकडे जवळा पसरलेला होता. मावशी एकटी गोळा करत होती, वरून पाऊस, दोन्ही बाजूंनी पाणी चढत होतं. टोपली भरली म्हणून उरलेला जवळा ती हाताला लागलेल्या पिशवीत कोंबत होती. पांढरी पिशवी, बाजारात मिळते तसली. कोल्ही आणि तिचं पोरगं त्याच बांधावर होती, कारण कोरडं तेवढंच उरलं होतं. आणि माझी वेळ झाली होती. पोरगं पिशवीकडे धावलं. मावशीने पिशवी वर उचलली, तसं ते उडी मारून तिच्या हाताला लागलं. अंगठ्याच्या खालचं मांस फाटलं. ती पाण्यात पडता पडता वाचली. जवळा सगळा गेला.

वसाहतीत हलकल्लोळ झाला. पिसाळलेलं कोल्हं, पोरांना खाली पाठवू नका. दुसऱ्या दिवशी कोल्हीचं पोरगं हायवेच्या बाजूला मेलेलं सापडलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांनी त्याला भिंतीशी गाठलं होतं. ते पळालं नाही, असं वॉचमन सांगत होता, माणसांच्या घोळक्याकडे येत होतं, माणसांनी दगड मारले, मग कुत्र्यांनी धरलं. माणसांकडे का येत होतं ते वॉचमनला कळलं नाही.

वनखात्याचा एक तरुण अधिकारी आला. सोसायटीच्या ऑफिसात खुर्च्या मांडल्या. आमचे सेक्रेटरी, कमिटीवाले, आणखी पुष्कळजण. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इथे कोणी त्यांना खायला घालतं का? कारण जनावर पिशवीवर आलंय. ते शिकवल्याशिवाय येत नाही."

मी मागच्या रांगेत होतो. एक क्षण असा होता की मी हात वर केला असता. त्याऐवजी मी म्हटलं, "साहेब, बांधावर मासळी सुकवतात ना. त्या वासानेच येतात."

सगळ्यांना ते एकदम पटलं. सेक्रेटरी म्हणाले, "बरोबर आहे. किती वर्षं सांगतोय, तो वास घरात येतो." एकीने खिडक्या उघडता येत नाहीत असं सांगितलं. जी तक्रार आजवर कोणाच्या तोंडात नव्हती ती सगळ्यांच्या तोंडात आली. अधिकाऱ्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग तो दुसरं काही विचारू लागला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "ते तुम्ही बोललात?"

मी हो म्हटलं. ती आत गेली. त्यानंतर तिने मला त्याबद्दल काही विचारलं नाही. मला वाटलं होतं ती भांडेल. तिने भांडण्याइतकाही हक्क माझ्यावर दाखवला नाही.

पावसाळ्यात पिंजरा लागला. आत कोंबडी टांगली. कोल्ही लगेच सापडली. पिंजरा लावणारे आश्चर्य करत होते, असं जनावर कित्येक दिवस हुलकावणी देतं म्हणे. ही सरळ चालत आत गेली. मी खिडकीतून बघत होतो. सोसायटीने मागचा दरवाजा वेल्डिंग करून बंद केला आणि वनखात्याकडे पाठपुरावा करून बांधावर मासळी सुकवायला मनाई करून घेतली, बांधाच्या तोंडाला तारही लावून घेतली. पावसानंतर मावशी आली, साड्या आणि जाळी घेऊन, तारेपाशी उभी राहिली आणि परत गेली. हेही मी खिडकीतूनच पाहिलं.

त्यानंतर माझं खाणं-झोपणं चाललं होतं, कामावरही जात होतो. फक्त कोंबडीवाल्याच्या दुकानावरून जायचं मी टाळलं. त्याला अजून वाटत असावं की मी येईन.

थंडीत मी बोरिवलीला गेलो. तिथल्या जंगलात जखमी आणि पकडलेली जनावरं ठेवतात, तिथे आमची कोल्ही नेली आहे एवढं कळलं होतं. लोकांना तिथे सोडत नाहीत. फाटकापाशी मी नुसता उभा राहिलो. तो तरुण अधिकारी योगायोगाने तिथे होता. त्याने मला ओळखलं.

"काका, मासळीचा वास," तो म्हणाला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. पिल्लू बुडालं तिथपासून. शेवटी तो म्हणाला, "मला वाटलंच होतं. पण माझ्याकडे काय होतं, एका माणसाचा चेहरा." मग तो मला आत घेऊन गेला.

पिंजरा मोठा होता, सावलीत, स्वच्छ. कोल्ही कोपऱ्यात पडून होती. मी तोंडातून आवाजही काढला नाही. खिशात रुमाल होता, तो काढताना खिशातला बिस्किटाच्या पुड्याचा चुरगळलेला कागद वाजला. ती उठली आणि सळ्यांपाशी येऊन बसली. तशीच, जशी भेंडीखाली बसायची. थोडी लांब, पण तोंड माझ्याकडे.

"हिला कधी सोडणार?" मी विचारलं.

"कुठे सोडू?" तो म्हणाला. "माणसाला सरावलीय. परत तिथे सोडली तर परत वसाहतीत येणार, कुत्रे किंवा लोक मारणार."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे ही आत आहे. पण काका, तुम्ही नसतात तरी ती बाहेर कुठे असती? तुमच्या तिकडचा पट्टा यंदा दोनदा पूर्ण पाण्याखाली होता. उन्हाळ्यात थेंब नाही, पावसात पाय ठेवायला जागा नाही. जंगल तेवढंच आहे. नकाशावर रेषाही तीच आहे. आतली जमीन कमी होतेय. आम्ही कुंपण घालू शकतो, गस्त घालू शकतो. भरतीला काय घालू?"

त्याला मला धीर द्यायचा होता की आणखी खचवायचं होतं ते मला कळलं नाही. मला त्यातून सुटका नाही मिळाली. उलट मला कळलं की जे जीव पाण्याने आधीच कोंडले होते त्यांच्याजवळ शेवटची एक गोष्ट होती, माणसाची भीती. भरतीने बाकी सगळं नेलं. ती भीती मी नेली. ती असती तर कदाचित ते पोरगं त्या दिवशी भर पावसात पोहून दुसऱ्या कुठल्या बांधावर गेलं असतं. कदाचित बुडालं असतं. पण मावशीच्या हाताकडे आलं नसतं.

कोल्ही बसूनच होती. मी निघालो तेव्हा ती सळ्यांच्या आतून माझ्या बरोबरीने शेवटपर्यंत चालत आली.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडच्या मासळी बाजारात गेलो. मावशी आता तिथे एका कडेला बसते. घाऊक बाजारातून आणलेला बांगडा, थोडी कोळंबी. स्वतःचं काही नाही. अंगठा नीट वळत नाही, म्हणून मासा कापायला शेजारणीला द्यावा लागतो. मी समोर बसलो. तिने वर बघितलं.

"बांगरा घे. ताजा हाय म्हनून खोटं नाय सांगत, बर्फातला हाय."

"मावशी, मला तुझ्याशी बोलायचंय."

"बोल. गिऱ्हाईक आला का गप्प ऱ्हा."

मी बोललो. हळू आवाजात, शेजारणीला ऐकू जाऊ नये असं. कोंबडीची पिशवी, घमेलं, ऑफिसातलं वाक्य. तिने बांगड्यांवर पाणी मारलं. मग पुन्हा मारलं. मला वाटलं ती शिव्या देईल, मला ते हवंही होतं.

"तू घालायचास ते मना म्हाईत होतां," ती म्हणाली. "आंदली नाय मी. पन मना वाटलां, हा पोरगा सांगंल. आईच्या वळनावर गेलाय, सांगंल. मी वाट बघली. दवाखान्यात सुया टोचून घेताना पन वाट बघली."

"चुकलो मावशी."

"हितं कोनाला सांगतंस? हितं मासं ऐकतान. जितं तोंड उगरलंस तितं जाऊन उगर."

एक बाई कोळंबीचा भाव विचारायला आली. मावशी तिच्याकडे वळली. मी उठलो.

सोसायटीची सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी असते. मी मावशीला बोलावलं. ती येईल असं वाटलं नव्हतं. आली, धाकट्या सुनेला घेऊन, आणि आत खुर्ची दिली तरी दाराशीच उभी राहिली. सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, हिला कशाला आणलंस? पुन्हा तो विषय नको. मनाई झालीय, मिटलंय ते."

बायको पहिल्या रांगेत बसली होती. ती सभेला कधी येत नाही.

पाण्याच्या टाकीचा विषय झाला, पार्किंगचा झाला. मग मी उभा राहिलो. जे बोलणार होतो ते मी आदल्या दिवशीपासून मनात घोकलं होतं. त्यात समुद्राचं होतं, पावसाचं होतं, बिळांचं होतं, अधिकारी म्हणाला तेही होतं. उभा राहिल्यावर कळलं की त्यातलं काहीही आधी बोललो तर ते पुन्हा वासासारखंच निमित्त होईल. म्हणून मी ते सोडून दिलं आणि दाराकडे तोंड केलं.

"मागे वनखात्याचे साहेब आले होते तेव्हा, मासळीच्या वासाने कोल्हे येतात, असं मी म्हटलं. ते खोटं होतं. त्यांना वर्षभर मी खायला घालत होतो, रोज, पिशवीतून. पोरगं मावशीच्या पिशवीवर आलं ते मी शिकवलं म्हणून. ते मेलं माझ्यामुळे, कोल्ही पिंजऱ्यात आहे माझ्यामुळे, आणि मावशीची जागा गेली ती मी इथे खोटं बोललो म्हणून. ती जागा तिला परत मिळावी यासाठी मी साहेबांना लिहून देणार आहे, तुम्ही सह्या करा किंवा करू नका. मावशी, तुला चावलं त्याचा दोष माझा होता आणि तो मी तुझ्यावर टाकला. मी भ्यालो होतो. मला माफ कर."